शक्तिमानचं दावं

आसराबाई जालन्याला गेली ती पाण्याची जुनी टाकी बघायला, आणि परत आली ती फौजेची गाडी ठरवून.

टाकी हवी होती मोसंबीसाठी. तीर्थपुरीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठावर तिची बाग होती. सासरच्या लोकांनी दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं सोडून जमीन धरली, पण त्या जमिनीत झाडं लावली ती आसराबाईनेच. रोपं डोक्यावरून आणली होती आणि पहिली दोन वर्षं तांब्या-तांब्याने पाणी घातलं होतं. या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि होळीलाच विहिरीचा तळ दिसला. पाडव्याला तिने काठी घेतली आणि झाडांवरची लिंबाएवढी झालेली सगळी फळं आपल्या हाताने झोडून काढली. शेजारच्या बांधावरची गोजरबाई, नात्याने तिची जाऊ, तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"आसरे, आपल्याच हातानं फळ पाडायचं म्हंजी काय गं?"

"झाड जगलं तर फळ येतंय पुन्हा. झाड मेल्यावर फळाला काय करू, हार घालू?"

फळं गेली, पण झाडाला पाणी लागतंच. पाणी होतं ते ओढ्यापलीकडे, तिच्या भावाच्या, रामरावच्या विहिरीला. कालव्याच्या पाझरामुळे ती विहीर आटत नसे. रामराव म्हणाला होता, "बाई, लागंल तेवढं ने." अडचण होती ती मधल्या ओढ्याची. तो कोरडा ठणठणीत पडला होता, पण त्यात गुडघाभर वाळू आणि दोन्हीकडे उभी दरड. ट्रॅक्टरला टँकर जोडून एकदा नेऊन पाहिला, तर तो मधोमध रुतला, कलंडला, आणि भरलेलं सगळं पाणी वाळूने एका दमात पिऊन टाकलं. लांबच्या डांबरी वाटेने येणारे टँकर गावाला माणसांचं पाणी पुरवत होते. ते शेताला मागायची तिला लाज वाटत होती, आणि मागितलं असतं तरी मिळालं नसतं.

आजूबाजूच्या बागांत जेसीबी फिरू लागले. तिचा नवरा राधाकिसन रोज संध्याकाळी एकच म्हणायचा, "आपणबी काढून टाकू. तूर लावू. जिवाला घोर तरी न्हाई राहणार."

आसराबाई झाडाजवळ जायची आणि अंगठ्याच्या नखाने फांदीची साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की दुसऱ्या झाडाकडे वळायची.

तर अशी ती टाकी बघायला जालन्याला गेली. एमआयडीसीच्या कडेला राधेश्याम शेठचा भंगाराचा वाडगा, कुंपण घातलेलं आवार, होतं. जुनं लोखंड तिथे यायचं, तिथून भट्टीत जायचं आणि सळई होऊन बाहेर पडायचं. टाकी मिळाली. पण टाकीच्या मागे, कापलेल्या बॉयलरच्या ढिगाला टेकून, लांब नाकाडाची एक हिरवी गाडी उभी होती.

"ही कशाची?"

"फौज की है, बाई. शक्तिमान. लिलावात घेतली. कागद सगळे हायेत, पण घेणारा कोण? ह्या हप्त्यात कापून भट्टीला लावतो."

आसराबाईचा बाप बैलांचा जाणता होता. अंबडच्या बाजारात लोक बैल घेण्याआधी त्याला बोलावून न्यायचे. तो आधी जनावराजवळ जायचाच नाही. लांब उभा राहून म्हणायचा, उभं कसं राहतंय ते आधी बघ, दात मंग. आसराबाई चार पावलं मागे सरली आणि तिने गाडी तशी पाहिली. पुढच्या दोन चाकांत हवा नव्हती, रंगाचे पापुद्रे निघाले होते, एका दिव्याची काच फुटली होती. पण गाडी सरळ उभी होती. कुठल्या बाजूला झुकलेली नव्हती, कंबर मोडलेली नव्हती. मग तिने पदर खोचला आणि ती खाली वाकून गाडीच्या पोटाखाली शिरली. मागच्या चाकांकडे जाड दांडा गेला होता. तसाच एक पुढच्या चाकांकडेही गेला होता.

"पुढच्या चाकालाबी जोर हाय का हिच्या?" तिने खालूनच विचारलं.

"चारही चाकांना. वाळू असो की चिखल, फौजेची गाडी हाय ती."

आसराबाई बाहेर आली, हात झटकले आणि म्हणाली, "शेठजी, आठ दिवस कापू नका. मी मालकांना घेऊन येते."

घरी राधाकिसनने ऐकलं आणि भाकरी हातातच ठेवली. "टाकी आणायला गेल्ती ना तू?"

"टाकी तिच्यावरच बसंल."

"अगं, मला ट्रॅक्टरच्या पलीकडं काही चालवता येत न्हाई. फौजेची गाडी चालवायला फौजी लागतंय."

"वळू बी आधी कुणाला येत न्हाई हाकायला. उद्या उपरणं घेऊन चला."

उपरणं कशाला, हे राधाकिसनला सांगावं लागलं नाही. जनावराचा सौदा उघड्यावर होत नाही. दोघांच्या हातावर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव करायचा. बघणाऱ्यांना फक्त तोंडं दिसतात.

राधेश्याम शेठने उपरणं पाहिलं आणि हसून त्याचं पोट हललं. "ये क्या, बैल का बाजार है? इथं काट्यावर भाव होतो."

"काट्यावर लोखंडाचा भाव होतो," आसराबाई म्हणाली. "आम्ही गाडी घेऊन राह्यलो."

शेठचा बाप जालन्याच्या मोंढ्यात सरकीचा दलाल होता आणि त्याचेही सौदे कापडाखालीच व्हायचे. शेठने हे लहानपणी पाहिलं होतं, आता कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्याने बाही सारली आणि हात उपरण्याखाली घातला. वाडग्यातली माणसं घण ठेवून जवळ आली. आसराबाई नवऱ्याच्या मागे उभी राहिली. आत काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, पण राधाकिसन मऊ पडायला लागला की त्याचा कान लाल होतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. कान लाल झाला की ती खोकायची. तिसऱ्या खोकल्याला शेठ म्हणाला, "बाईला पाणी द्या रे कुणीतरी, न्हाईतर मी लुटला जाईन." आणि हसत हात बाहेर काढला. सौदा झाला.

मग आसराबाईने पिशवीतून नवं सुती दावं काढलं, गाडीच्या पुढच्या आकड्याला हळद-कुंकू लावलं आणि दावं बांधायला गेली. आकड्याला आधीच एक जाड, तेलकट दोर गुंडाळलेला होता. दोराला कॅन्व्हासची एक पिशवी घट्ट बांधलेली होती, घोड्याच्या तोंडाला बांधतात त्या तोबऱ्यासारखी. तिने दोर आकड्यावरून सोडवला आणि पिशवीसकट दोन्ही हातांनी शेठपुढे धरला.

"हे तुमचं दावं, शेठजी. घरात ठेवा."

"अहो, ते फौजेकडून गाडीबरोबर आलंय. घेऊन जा."

"न्हाई. जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई. दावं गेलं की मालकाच्या घराची बरकत जाते. आमच्याकडं दावं घेणारा बी पापी."

शेठ व्यापारी माणूस. बरकत फुकट मिळत असेल तर तिला नाही म्हणायची त्याच्या घरात रीत नव्हती. त्याने दोर कपाळाला लावला आणि आत नेला.

क्रेनने ओढत गाडी वस्तीवर आली तेव्हा बघायला निम्मी वस्ती जमली. कुणी म्हणालं, आता रणगाडाबी येईल मागून. गोजरबाईने उजवा हात कपाळाला लावला. "सलामी कुणाला द्यायची गं आसरे? तुला का राधाकिसनला?" लोक पोट धरून हसले. राधाकिसन गोठ्यात जाऊन बसला. आसराबाईने गाडीच्या चाकांवर पाणी घातलं आणि तिला चिंचेच्या सावलीला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तीर्थपुरीचा राजानंद आला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बोलायला फटकळ, पण कामाला सरळ. त्याने बॉनेट उघडलं, हवेच्या डब्यातून उंदराचं घरटं काढलं, डिझेलच्या टाकीतला गाळ धुतला, पुढच्या चाकांत हवा भरली. ट्रॅक्टरची बॅटरी लावून बटण दाबलं तर गाडी नुसती कण्हली. "हिला एकीनं भागत न्हाई, मावशी. दोन बॅटऱ्या जोडून लागतेत. फौजेचं सगळं दुप्पट." दोन बॅटऱ्या जोडल्या. या वेळी इंजिन गरगर फिरलं. पण ना धूर, ना धडधड. राजानंद पुन्हा आत वाकला आणि बऱ्याच वेळाने डोकं बाहेर काढलं.

"इंजन फिरतंय, पर डिझेलचा पंप फिरत न्हाई. दोघांच्या मधी एक जोड असतोय, मुठीएवढा. त्योच न्हाई हिच्यात. कुणीतरी काढून घेतलाय."

"मंग दुसरा आणा."

"कुठून? ही गाडी बनायचीच बंद झालीये."

तरी आसराबाईने शोधला. राधाकिसनला घेऊन ती जालन्याची सगळी स्पेअर पार्टची दुकानं फिरली, संभाजीनगरच्या जुन्या बाजारात गेली. दुकानदार आधी ऐकून घ्यायचे, मग एकमेकांकडे बघायचे. शेवटी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून राजानंदने अंदाजाने जोड करून घेतला. बटण दाबल्याबरोबर त्याचे दोन तुकडे झाले. दुसरा जोड कडक पोलादाचा केला. त्याने इंजिन एकदा खोकलं, काळ्या धुराचा एक गोळा चिंचेत गेला, वस्तीवरची कुत्री भुंकली, आणि कडकन आवाज होऊन सगळं थांबलं.

"माप मिळत न्हाई," राजानंद हात पुसत म्हणाला. "अस्सल तुकडा असल्याबिगर ही चालायची न्हाई. मावशी, खरं सांगू का? पैसे घेऊन मी रोज येईन. पण तुम्हाला फसवल्यासारखं व्हईल."

या सगळ्या दिवसांत पाणी बैलगाडीने येत होतं. रिकामे ड्रम घेऊन गाडी ओढ्यात उतरायची, भरून परत येताना बैल वाळूत गुडघे टेकायचे. आसराबाई मागून चाकाला खांदा लावायची. एवढ्या पाण्यात सगळी बाग भागत नव्हती. एका सकाळी ती ओळीओळीने फिरली आणि ज्या झाडांना पाणी द्यायचं त्यांच्या खोडाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. जिथे चिंधी बांधली नाही, त्या ओळींकडे तिने परतताना पाहिलं नाही.

राधाकिसनचा धीर सुटला. "गाडी शेठला परत देऊन टाकू. भंगार ते भंगार. बैल मरतील आपले."

"घेतलेलं जनावर परत न्यायचं न्हाई."

"जनावर, जनावर! लोखंड हाय ते."

"मंग हळद लावल्यावर तुम्ही हात का जोडले होते?"

 बैलाचं दावं वाळूत घासून झिजलं होतं, ते बदलायला राधाकिसन गोठ्यात गेला. आसराबाई वैरण घेऊन मागून गेली. त्याने बैलाच्या गळ्यातून जुनं दावं काढलं, त्यातला पितळी घुंगूर सोडवला, आणि नवं दावं आणायला उठण्याआधी तो घुंगूर जुन्या दाव्यालाच गाठ मारून खुंटीवर टाकला.

"ते काहून बांधलं तिथं?" आसराबाईने विचारलं.

"काहून म्हंजी? बाजूला ठेवलं तर हरवतं. काढलेली वस्तू दाव्यालाच बांधायची. माझा बाप बी असंच करायचा."

आसराबाईच्या हातातली वैरण तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे तो तेलकट दोर आला, आणि त्याला घट्ट बांधलेली ती कॅन्व्हासची पिशवी. तिने ती उचलली होती तेव्हा जड लागली होती. दोर जड असेल, एवढंच तिला वाटलं होतं. आत काय आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच्या दाव्याला काय बांधलंय ते कशाला बघायचं?

"अहो," ती म्हणाली, "फौजेतली माणसं बी कुणाची तरी पोरंच असतील ना? शेतकऱ्यांचीच?"

"असतील. काहून?"

"काढलेली वस्तू त्यांनी दाव्यालाच बांधली आसंल. आणि मी ती शेठच्या हातात दिली. दोन्ही हातांनी."

राधाकिसन तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला समजलं नाही, मग समजलं. तो हसला नाही. रागवायची एवढी मोठी संधी त्याने सोडली, हे आसराबाईने मनात लिहून ठेवलं. त्याने खुंटीवरचा घुंगूर सोडला आणि तिच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. रिकामं दावं कुणी घरात ठेवत न्हाई."

सकाळच्या एसटीने ती जालन्याला गेली. वाटेत सारखं मनात येत होतं, शेठने दोर जाळला असेल, पिशवी भट्टीत गेली असेल. लोखंडाच्या दुकानात लोखंडाचा तुकडा वेगळा कोण ठेवील? ऑफिसात शिरली तर समोरच, लक्ष्मीच्या फोटोशेजारी, खिळ्याला तो दोर टांगलेला. पिशवी तशीच होती आणि तिच्यावर झेंडूची माळ घातलेली होती.

तिने सगळं सांगितलं. शेठने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, आता ते मिळणार न्हाई."

"काहून?"

"तुम्हीच बोलल्या ना, बरकत जाते? दोर टांगला आणि बरोबर दुसऱ्या दिवशी आख्ख्या कारखान्याचं भंगार आलं. दोन वर्षांत आलं नव्हतं एवढं. घरच्यांनी रोज उदबत्ती लावायला सुरुवात केलीय. मी तुम्हाला दुसरं काहीही देतो. हे न्हाई."

आसराबाईला हसू येत होतं. आपणच पेरलं होतं ते. ती खुर्चीवर बसली. तिला मेंढरांच्या मागे फिरलेला आपला आजा आठवला. तो म्हणायचा, अडलेल्या माणसानं उभ्यानं बोलू नये.

"शेठजी, दावं मी मागतच न्हाई. दावं तुमचं. त्याला बांधलेलं जनावराचं असतंय, ते जनावराबरोबर जायला पाहिजे होतं. मी चुकले."

"आणि गाठ सोडल्यावर? रिकामा दोर लटकवू का लक्ष्मीपाशी?"

"रिकामा कशाला?" तिने पदराची गाठ सोडून घुंगूर काढला. "आमच्या बैलाचा हाय. त्याच्या बापाच्याबी गळ्यात होता. हा बांधा. वारा आला की वाजंल."

शेठने घुंगूर हातात घेऊन हलवला. बाहेर घण चालले होते, तरी त्याचा आवाज ऑफिसात स्वच्छ ऐकू आला. त्याने पुन्हा एकदा हलवला.

"गाठ तुम्ही सोडा," तो म्हणाला. "माझा हात लागायला नको."

गाठ तेल पिऊन दगड झाली होती. आसराबाईने नखं लावली, दात लावले, शेवटी केसातल्या आकड्याने ती सैल केली. पिशवीत तेलकट कागदात गुंडाळलेला, मुठीएवढा, तीन पाकळ्यांचा लोखंडी जोड होता. त्याचे बोल्ट वेगळ्या फडक्यात बांधले होते. कुण्या जवानाने फडक्याला नीट गाठ मारली होती. एकही बोल्ट कमी नव्हता.

राजानंदने जोड बसवला तेव्हा वस्तीवरच्या कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळे आले. त्याने बटण दाबलं. गाडी दोनदा खोकली, अंग झटकल्यासारखी हलली आणि धडधडायला लागली. चिंचेवरची वटवाघळं उडाली. राजानंद बाजूला झाला आणि त्याने राधाकिसनकडे बोट केलं. "बसा काका. वाळूत शिरायच्या आधी हा दांडा ओढायचा, मंग पुढची चाकं बी लागतेत. रुतल्यावर ओढून उपयोग न्हाई. आणि मधी थांबायचं न्हाई."

"माझ्यानं व्हायचं न्हाई, राजा. तूच ने."

"मी रोज येणार का तुमच्या बागेला?"

आसराबाई दुसऱ्या बाजूने वर चढली आणि शेजारी बसली. मग राधाकिसनला चढावंच लागलं.

रिकामी गाडी ओढा ओलांडून गेली आणि रामरावच्या विहिरीवर तिच्यावरची टाकी काठोकाठ भरली. परतताना ओढ्याची दरड आली तेव्हा राधाकिसनने दांडा ओढला. त्याचा कान लाल झालेला आसराबाईने पाहिला, पण या वेळी ती खोकली नाही. गाडी नाक खाली घालून वाळूत उतरली. जिथे टँकर कलंडला होता तिथे चाकं रुतायला लागली, इंजिनचा आवाज जड झाला, टाकीतलं पाणी डचमळलं.

"थांबू का?" राधाकिसन ओरडला.

"कुठं थांबता? पुढं बघा."

पुढच्या चाकांनी वाळू उकरली, मागे फेकली, आणि मग कुठेतरी खाली त्यांना टणक जमीन लागली असावी. गाडी गुरगुरत पुढे सरकली, समोरच्या दरडीला लागली आणि आभाळाकडे तोंड करून वर चढली. पुढे काही दिसेना, नुसतं आभाळ. मग नाक खाली आलं आणि काचेत बाग दिसली. राधाकिसनने गाडी उभी केली. हात चाकावरून काढायला त्याला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी पाणी चिंधी बांधलेल्या झाडांना आधी गेलं. दुसऱ्या खेपेला आसराबाई नळी ओढत बिनचिंधीच्या ओळींत शिरली. तिथल्या प्रत्येक झाडाची साल तिने खरवडली. काहींच्या आत तपकिरी निघालं. त्यांच्यापुढे ती क्षणभर उभी राहिली आणि पुढे गेली. बऱ्याच झाडांच्या आत मात्र अजून हिरवं होतं. ज्यांना तिने सोडून दिलं होतं तीसुद्धा तिची वाट बघत होती.

गाडी रोज ओढ्यात उतरायला लागली. राधाकिसन आता दांडा ओढताना तोंडाने काहीतरी पुटपुटायचा. विचारलं तर सांगायचा नाही. बागेत सुकलेल्या फांद्यांच्या बगलेतून तांबूस कोंब डोकावू लागले.

एका दुपारी गोजरबाई बांधावर येऊन उभी राहिली. तिच्या बागेत जेसीबी सांगून ठेवला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ती बराच वेळ पदराशी खेळत राहिली.

"आसरे, एखादी खेप आमच्याकडं बी वळंल का गं?"

आसराबाईने नळी खाली ठेवली. "आधी सलामी दे."

गोजरबाई लाजली, इकडेतिकडे पाहिलं आणि हात कपाळाला लावला. गाडीत बसलेल्या राधाकिसनने तिकडून तेवढीच कडक सलामी परत केली.

"चल," आसराबाई म्हणाली. ती बांध ओलांडून गोजरबाईच्या बागेत गेली, पहिल्याच झाडाजवळ वाकली आणि अंगठ्याचं नख सालीला लावलं.

"हिरवी हाय," ती म्हणाली. "जेसीबीवाल्याला नको म्हणून सांग."